परिचारिकेचें त्रैराशिक

रुग्णसेवा म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें दया, सोशिकपणा, जागरण, गोड बोलणें हीं सारीं उभीं राहतात. आंकडेमोड कांहीं उभी राहत नाहीं. आमची पुतणी लातुरास एका परिचर्या-विद्यालयांत जावयास निघाली, तेव्हां औशाच्या आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं तिला हरतऱ्हेनें सावध केलें. वहिनींनीं रात्रपाळ्यांची भीति घातली, दादांनीं वसतिगृहांतील जेवणाची, आणि ८८ वर्षांच्या आमच्या मातोश्रींनीं, “प्रेत पाहून आल्यावर घास गिळवेल का ग तुला?” असें रोखठोक विचारलें. गणिताचें नांव मात्र कोणी काढलें नाहीं. मुलीनें दहावीनंतर गणिताशीं फारकत घेऊन कलाशाखा धरली होती. जी. एन. एम. च्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास कोणत्याही शाखेची बारावी चालते, त्यामुळें तीही निर्धास्त होती.

पहिल्याच वर्षीं औषधांच्या मात्रांची परीक्षा झाली. वीस उदाहरणांपैकीं सात बरोबर आलीं. विद्यालयाचा नियम असा कीं, वीसांपैकीं अठरा आल्यावांचून मुलीच्या हातीं औषध द्यावयाचें नाहीं. सहा आठवड्यांनीं पुन्हा एकवार संधि, आणि तेव्हांही न जमल्यास वर्ष मागें.

शनिवारीं ती घरीं आली, ती मुकाट्यानेंच. घरांत मग चर्चेस ऊत आला. जेथें पस्तीस-चाळीस टक्क्यांवर सारें जग उत्तीर्ण होतें, तेथें ह्या पोरींनाच नव्वदांचा जुलूम कां? दादांनीं तर निकालच दिला कीं, हें सोडून बी. ए. करावें. आम्हांस स्वतःला तो नियम मुळींच जुलमी वाटला नाहीं. इंग्लंड-अमेरिकेंतील पुष्कळ परिचर्याशाळा ह्या एका परीक्षेंत नव्वद, तर कांहीं शंभरही टक्के मागतात. इतिहासाच्या पेपरांत एक सनावळ चुकली तर पानिपतचा निकाल बदलत नाहीं. येथें प्रत्येक उदाहरणाच्या टोंकाला एक खाट आहे आणि त्या खाटेवर कोणी तरी निजलेलें आहे.

आमच्या तालुक्यांतील माणसास तरी हें फोडून सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं, पहांटे चारच्या सुमारास किल्लारीची भूमि हादरली आणि जवळपास दहा हजार माणसें दगडमातीखालीं गेलीं. जखमींना पाणी पोंचविण्याच्या कामावर आम्ही कांहीं दिवस एका दवाखान्याच्या पडवींत होतों. खिडकीच्या गजाला सलाईनची बाटली बांधलेली, आणि एक परिचारिका एका हातानें नळीवरचें चाक फिरवीत, दुसऱ्या मनगटावरील घड्याळाकडे पाहत ओठांतल्या ओठांत थेंब मोजीत होती. भोंवतालचा आकांत तिच्या कानीं पडत नव्हता असें नव्हे. पण मोजणी पुरी होईतों तिनें मान वर केली नाहीं. त्या बाई कोठून आल्या होत्या हें आम्हीं विचारलें नाहीं. तें मोजणें मात्र आम्हीं पुतणीस लहानपणापासून अनेकवार सांगितलेलें, आणि आमची समजूत अशी कीं तिच्या मनानें हा मार्ग घेतला त्याला थोडेंफार तेंही कारण झालें.

“काका, मला उदाहरण दिसतच नाहीं, नुसते आंकडे दिसतात,” असें ती म्हणाली. तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें, तरी इतकें नेमकें निदान कोणा विद्यार्थ्याकडून ऐकल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. घाबरलेल्या मनांत भीतीच इतकी जागा अडविते कीं, आंकडे हातांत धरावयास ठावच उरत नाहीं. विद्यालयांत तिला एक सूत्र पाठ करविलें होतें: हवें तें भागिलें आहे तें, गुणिलें मिश्रणाचें माप. सूत्र खोटें नव्हे. परंतु पाठ केलेलें सूत्र भीतीच्या पहिल्या झुळकीसरशीं उडून जातें, आणि मग कशानें कशाला भागावें ह्याचा लिलाव सुरू होतो.

आम्हीं तिला सूत्र बाजूस ठेवावयास सांगून जुनें त्रैराशिक काढलें. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें तें सांगितलें. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावतीं’तही तें आहे. त्यांत तीन पदांना दिलेलीं नांवें मोठीं बोलकीं आहेत: प्रमाण, फल आणि इच्छा. फलाला इच्छेनें गुणावें व प्रमाणानें भागावें. आतां परिचारिकेच्या हातांतील बाटली पहा. तान्ह्या-लहानग्यांना तापावर देतात तें पॅरासिटामॉलचें पातळ औषध कांहीं बाटल्यांत ५ मिलिलिटरांत १२० मिलिग्रॅम असतें. १२० हें प्रमाण, ५ हें फल, आणि डॉक्टरांनीं कागदावर लिहिलेले १८० मिलिग्रॅम ही इच्छा. पांच गुणिलें एकशें ऐशीं, भागिलें एकशें वीस: साडेसात मिलिलिटर. दुसरी एक बाटली अशी मिळते कीं तिच्यांत तेवढ्याच ५ मिलिलिटरांत २५० मिलिग्रॅम असतात. तेथें इच्छा तीच, प्रमाण निराळें, म्हणून उत्तर ३.६. जी माउली बाटलीवरचें प्रमाण न वाचतां “मागल्या वेळचे साडेसात” ओतील, ती लेकराला सांगितल्याच्या दुपटीहून अधिक औषध पाजील. हा मजकूर वाचणाऱ्या घरांतून ह्या दोन्ही बाटल्या एकाच फळीवर उभ्या असण्याचा संभव पुष्कळ आहे.

इच्छा डॉक्टरांची, प्रमाण बाटलीचें. एवढें कळल्यावर मुलीच्या कपाळावरची आंठी सुटली. पुढले पांच शनिवार-रविवार आमच्या माजघराचा औषधीविभाग झाला. कागदावर कांहीं मांडण्यापूर्वीं अदमास करावयाचा, असा आमचा दंडक. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत जावयाचें. म्हणजे तासाला सवाशें, मिनिटाला दोनांहून किंचित् अधिक. नळी मिलिलिटरला २० थेंबांची, तेव्हां उत्तर चाळिसांच्या आसपास येणार, हें आधीं मनाशीं ठरवावयाचें. मग नीट हिशेब केला कीं ४२ येतात. तेथें ४२० किंवा ४ आले तर पाटी पुसावयाची. लहान मुलांसाठीं मिलिलिटरला ६० थेंबांची बारीक नळी असते. तिच्यांत तासाला जितके मिलिलिटर, मिनिटाला तितकेच थेंब. साठास साठ कटतात म्हणून असें होतें, हें तिचें तिलाच उमगलें, तेव्हां ती जी हसली तें हसें आम्हीं कित्येक दिवसांत पाहिलें नव्हतें.

खरी गुरुकिल्ली मात्र मातोश्रींकडे निघाली. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाचा पाढा म्हणजे औटकी, हें सर्व अद्याप मुखोद्गत. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, ह्या हिशेबानें त्यांनीं मात्रा उगाळून चाटविलेल्या. पुतणीनें “आजी, दोन पूर्णांक पांच दशांश गुणिलें सात” म्हणावें आणि आजींनीं वातीं वळतां वळतां “साडेसतरा” म्हणावें. दशांशचिन्हाचें मात्र आजींना नवल वाटे. एका टिंबावर माणसाचा जीव टांगावयाचा, हें काय! त्यांची शंका अगदींच वावगी नव्हती. ०.५ लिहितांना आधींचें शून्य गाळलें आणि टिंब पुसट उमटलें तर वाचणारा ५ वाचतो. उलट ५ च्या पुढें उगीच टिंब व शून्य लिहिलें तर ५०. दोन्हींकडे दहापट. म्हणून आधींचें शून्य अवश्य लिहावें, मागचें कदापि लिहूं नये, अशी शिस्तच आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिची दिवा घेतलेली मूर्ति घरोघर पोंचली. तिच्या हातांतला आंकड्यांचा तक्ता मागें राहिला. क्रिमियाच्या युद्धांत शिपाई घावांपेक्षां रोगांनींच अधिक मेले, हें तिनें १८५८ सालीं वर्तुळाकृति आलेख काढून दाखविलें, आणि लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनें सभासद करून घेतलेली ती पहिली स्त्री झाली. ही हकीगत पुतणीनें आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविली.

दुसऱ्या परीक्षेंत वीसांपैकीं एकोणीस आलीं.

दिवाळीच्या सुटींत ती आली, त्या वेळची गोष्ट. दादांना मधुमेह असून ते इन्शुलिन घेतात. दोनतीन महिन्यांपासून त्यांची साखर कांहीं केल्या उतरेना, म्हणून डॉक्टरांनीं २० युनिटांचे ३० केले होते. पथ्याबद्दल वहिनींनीं त्यांना बोलूनही झालें होतें. सकाळीं पुतणीनें पिचकारी हातीं घेतली आणि ती थबकली. कुपी मिलिलिटरला ४० युनिटांची. पिचकारीचें टोपण मात्र नारिंगी, म्हणजे १०० युनिटांच्या मापाची. चाळीसच्या कुपीस लाल टोपणाची पिचकारी लागते. दुकानांतून केव्हां तरी निराळी पुडी आली, ती तशीच चालू राहिली. तिनें ताकाच्या भांड्याखालचा कागद ओढून तेथेंच त्रैराशिक मांडलें: ह्या पिचकारीच्या ३० च्या रेघेपर्यंत ०.३ मिलिलिटर येतें. १ ला ४०, तर ०.३ ला १२. दादांच्या अंगांत तीसांऐवजीं बाराच युनिटें जात होतीं.

वहिनी लगबगीनें लाल टोपणाची पुडी आणवूं लागल्या. मुलीनें त्यांना थांबविलें. “आई, आज एकदम योग्य पिचकारीनें तीस दिले तर बाबांना कालच्या अडीचपट जाईल. साखर फार उतरेल. आधीं डॉक्टरांना विचारूं.” आम्ही गणिताचे शिक्षक खरे, परंतु हें पुढचें पाऊल आम्हांस सुचलें नसतें. दूरध्वनीवरून डॉक्टरांनीं सर्व ऐकून घेतलें, पिचकारी बदलावयास सांगितली व मात्रा नव्यानें, बेतानें ठरवून दिली.

दादा बी. ए. विषयीं पुन्हा कांहीं बोलले नाहींत. फडताळाच्या दारावर आतां पुतणीच्या अक्षरांत ‘लाल टोपण, चाळीसची कुपी’ अशी चिठ्ठी डकविलेली आहे. भाऊबीज उरकून ती लातुरास परतली. तिची पुढली पाळी बालरुग्ण विभागांत होती, म्हणून साठ थेंबांच्या नळीचीं उदाहरणें तिनें बरोबर नेलीं.