वेळ कुठे गेला?

गणपतीला भाचा पुण्याहून आला. पहिला मोदक संपायच्या आत म्हणाला, "मामा, महिनाभर मी हरवलेला वेळ शोधतोय!"

त्याचं काम संगणकातल्या फाइल सिस्टिमचं. कोणता मजकूर तबकडीवर कुठे ठेवला याची चोपडी सांभाळणारा कारकून, असं मी माझ्यापुरतं समजतो. या कारकुनाला सतत नव्या युक्त्या शिकवतात. गंमत अशी, की कधी कधी शिकून तो कालच्यापेक्षा मंद होतो. का, ते शोधायचं.

"कसं शोधता रे?"

"आधी तो खरंच मंद झालाय का, ते बघायचं. यंत्र तेच, तबकडी तीच, काम तेच. एकदा वाचलेलं स्मृतीत राहतं, म्हणून ती पुसून पुन्हा पुन्हा मोजायचं. मग चपळ आवृत्ती आणि मंद आवृत्ती यांच्यामध्ये हजार बदल असले, तर बरोबर मधला तपासायचा. तिथवर चपळ असेल तर दोष पुढच्या निम्म्यात, नाहीतर मागच्या. दहा खेपांत गुन्हेगार हाती!"

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली सुरू केलेल्या 'गिट'मध्ये या निम्म्या-निम्म्या शोधाची सोयच आहे म्हणे.

"पण मामा, कधी कधी गुन्हेगार सापडतो आणि तो गुन्हेगार नसतोच." मग त्याने लिनक्सची हकीकत सांगितली. तिथे २००१ साली 'एक्स्ट-थ्री' आली, २००८ साली 'एक्स्ट-फोर' वापराला पक्की ठरली. काही कामांत नवी मंद दिसे. तबकडीला स्वतःची छोटी स्मृती असते. मजकूर तिथवर पोचला की ती "लिहिलं" म्हणून मोकळी होते. मधेच वीज गेली तर सारं पाण्यात. मूळ लिनक्समधली जुनी व्यवस्था त्या शब्दावर विसंबे. नवी मात्र "खरोखर उतरवलंस ना?" असं विचारून थांबे. वेळ त्या थांबण्यात जाई.

त्या रात्री मला झोप लागेना. आदल्याच आठवड्यात मुख्याध्यापक म्हणाले होते, "गुरुजी, पूर्वी दोन रात्रींत गठ्ठा तपासून द्यायचात. आता आठवडा लागतो!" मी वयावर ढकललं होतं. आता अंथरुणात पडून माझ्या वीस वर्षांच्या नोकरीचे निम्मे-निम्मे भाग करू लागलो. दहावं वर्ष? चपळ. पंधरावं? मंद. बारावं? चपळ. तेरावं? मंद.

तेराव्या वर्षी थांबलो. त्या वर्षी नववीच्या एका मुलाच्या गणिताच्या पुरवणीचे गुण मी बेरजेत धरले नव्हते. तो नापास झाला. वडिलांनी शाळा सोडवून त्याला सायकलच्या दुकानात लावलं. चूक माझ्या ध्यानात आली तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. पण पोरगा पुन्हा वर्गात आला नाही. तेव्हापासून मी शेवटचं पान उलटून पाहतो आणि बेरीज दोनदा करतो.

आजही माझ्या सायकलची हवा गेली तर हातातलं काम टाकून तो आधी माझी सायकल घेतो. पैसे घेत नाही. पंप मारून झाला की चाक दाबून पाहतो, आणि जरा वेळाने पुन्हा एकदा दाबून पाहतो.

सहामाहीचे गठ्ठे समोर आहेत. घरात चकल्यांचा वास सुटलाय. मुख्याध्यापकांना निरोप धाडला आहे : आठवडा लागेल.