हाताला कळलं पाहिजे

संगणकावर विमान उडवणाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे : दांडा मुका आहे. दुकानातून आणलेल्या साध्या जॉयस्टिकमध्ये आत स्प्रिंग असते. विमान धावपट्टीवर उभं असो की आकाशात सुसाट चाललेलं असो, ती स्प्रिंग तेवढ्याच जोराने हात मध्यावर ढकलते. खऱ्या छोट्या विमानात असं नसतं. तिथे दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, तारांच्या पलीकडे, शेपटीचं फळकं वाऱ्यात असतं. वेग दुप्पट झाला की त्या फळक्यावरचा वाऱ्याचा दाब चौपट होतो आणि दांडा जड लागतो. वेग पडला की दांडा ढिला होतो. म्हणजे वेग डोळ्याने बघायच्या आधी हाताला कळतो.

ही गोष्ट मला समजली ती माझ्या भाच्यामुळे. तो वैमानिक व्हायला गेलाय. आपाने बांगड्या मोडल्या, भाईंनी गावची आंब्याची कलमं असलेला तुकडा विकला, उरलेलं बँकेचं कर्ज. व्यावसायिक परवान्याला आपल्याकडे दोनशे तास उड्डाण लागतं आणि त्यातल्या प्रत्येक तासाचं बिल घरात सगळ्यांना पाठ आहे. बारावीपासून तो सिम्युलेटरवर बसायचा, त्यामुळे आम्हाला वाटलं, पोरगं अर्धं शिकूनच चाललंय. पहिल्या महिन्यात फोन आला, "मामू, सर म्हणतात, तू सारखा काट्यांकडे बघतोस आणि दांडा मुठीत आवळून धरतोस. बाहेर बघ, म्हणतात, हात सैल सोड."

त्याचं खरं अडलं होतं ट्रिमपाशी. विमानाचं नाक वर ठेवायला हाताने जोर लावून धरावा लागतो. मग ट्रिमचं छोटं चाक फिरवत तो जोर कमी करत न्यायचा. हाताला काहीच भार उरला नाही की समजायचं, झालं. आता हात उचलला तरी विमान तसंच राहतं. सेसना 172 मध्ये दांड्याच्या जागी अर्धं स्टिअरिंग असतं, पण नियम तोच. स्प्रिंगच्या जॉयस्टिकवर हे शिकताच येत नाही. तिचा मध्य ठरलेला. तिथे चाक फिरवत जायचं आणि त्याच वेळी हात अंदाजाने मध्यावर आणायचा, म्हणजे बरोबर उलटी सवय. पोराने पाच वर्षं तीच सवय मन लावून केली होती.

उपाय नवा नाही. मायक्रोसॉफ्टने 1997 साली मोटरी बसवलेली साइडविंडर फोर्स फीडबॅक प्रो बाजारात आणली, नंतर यूएसबीवाली दुसरी आवृत्ती. तिच्या मुठीवर एक डोळा होता. हाताने तो झाकला तरच मोटरी जोर लावायच्या, हात काढला की दांडा मान टाकायचा. 2009 मध्ये लॉजिटेकची जी940 आली आणि पुढे बरीच वर्षं मोठ्या कंपन्यांनी या वाटेला जाणं सोडलं. काही जण पेटंटला दोष देतात. इमर्शन नावाच्या कंपनीकडे या तंत्राची पेटंटं होती आणि 2002 मध्ये तिने मायक्रोसॉफ्ट आणि सोनीला कोर्टात खेचलं होतं, तो वाद मुख्यतः गेमपॅडच्या थरथरीचा. मला वाटतं, गिऱ्हाईक थोडं होतं हेही कारण असणार. अलीकडे काही कंपन्या पुन्हा असे दांडे विकू लागल्यात, पण त्यांच्या किमती बघून मी मुकाट्याने पान बंद केलं.

मधल्या काळात हे हुनर जिवंत ठेवलं ते घरी बसून खटपट करणाऱ्यांनी. जुन्या साइडविंडरचा गेमपोर्ट नव्या संगणकाला जोडता येईना, तेव्हा लोकांनी तिच्यात टीन्सी नावाचं इवलंसं बोर्ड बसवून तिला यूएसबी बोलायला शिकवलं. काहींनी थेट लाकूड आणि ॲल्युमिनियमचे तुकडे कापून नवाच सांगाडा केला. मी त्याच वाटेने गेलो.

सामान लॅमिंग्टन रोडवरून आलं. आर्डुइनो लिओनार्डो घेतला, कारण त्याच्या चिपमध्येच यूएसबी आहे आणि संगणकासमोर तो जॉयस्टिक म्हणून उभा राहू शकतो. दोन 775 मोटरी, त्यांना वीज पुरवायला बीटीएस7960 चे दोन ड्रायव्हर, थ्रीडी प्रिंटरला लागतात तसे दातेरी पट्टे, आणि दांडा किती कलला ते मोजायला चुंबकावर चालणारे एएस5600 सेन्सर. एका फेऱ्याचे ते 4096 भाग करतात. कुर्ल्याच्या भंगारवाल्याने वायपरची मोटर पुढे केली होती, ताकदीची आणि स्वस्त. पण तिच्यात वर्म गिअर असतो. मोटर दांड्याला ढकलेल, हात मोटरला मागे ढकलू शकणार नाही. एकतर्फी बोलणं. आपल्याला दोन्हीकडून बोलणारी हवी.

बाकी हिशोब साधा. दांडा मध्यापासून जितका लांब, तितका उलटा जोर, ही झाली स्प्रिंग. ती मोटरने तयार केलेली असल्यामुळे तिचा मध्य हलवता येतो, आणि ट्रिमचा सगळा प्रश्न तिथेच सुटतो. मग दांडा जितक्या वेगाने हलतो तितका विरोध, हा डॅम्पर. तो नसला तर हात सोडल्यावर दांडा आपला आपण डोलायला लागतो, अंगात आल्यासारखा. माझ्याकडचं सिम्युलेटर एक्स-प्लेन. ते स्वतःहून जॉयस्टिकला जोर पाठवत नाही, मध्ये दुसरा प्रोग्रॅम लागतो. डीसीएसमध्ये ती सोय आधीपासून आहे.

आपाचा आधी विरोध होता. "खेळण्यावर अजून पैसे?" ती म्हणाली. तिचं चुकीचं नव्हतं. घरच्या दांड्यावरचा एकही तास परवान्यात धरला जात नाही.

ईदला भाचा घरी आला. शीरखुर्मा झाल्यावर मी त्याला डोळे मिटून बसवलं आणि विमानाचा वेग मी बदलत गेलो. तो नुसत्या हाताने सांगत होता, वाढला, कमी झाला, अजून कमी. मग मी इंजिन मंद करून नाक वर धरायला लावलं. दांडा हलका हलका होत गेला आणि मग बारीक थरथरू लागला. पंखावरून सुटलेली हवा शेपटीवर आपटते, तिची ती थरथर. त्याने डोळे न उघडताच दांडा पुढे सोडला.

अब्बा बाजूला खुर्चीवर होते. हर्णैच्या बंदरात त्यांनी उभा जन्म काढला, शिडाच्या मचव्यावर तांडेल म्हणून सुरुवात केलेली. म्हणाले, "बघू." त्यांनी दांडा दोन बोटांत धरला, सुकाणूचा दांडा धरायचे तसा. पडद्याकडे बघितलंच नाही. थरथर सुरू झाली तसे म्हणाले, "शीड फडफडतंय. चाल मेली की सुकाणूपण मरतं. आता याला सांगून उपयोग नाही, आधी चाल आण." भाच्याकडे बघून पुढे म्हणाले, "मूठ आवळलीस तर पाणी काय बोलतं ते कसं कळणार?"

आता हे वाचून कुणी म्हणेल, नवी विमानं संगणकावर चालतात, हे हाताचं पुराण कशाला? एअरबसच्या ए320 मध्ये छोटा दांडा साध्या स्प्रिंगचाच असतो, हे खरं आहे. आणि दोघा वैमानिकांचे दांडे एकमेकांना जोडलेले नसतात. 1 जून 2009 ला एअर फ्रान्सचं 447 अटलांटिकमध्ये पडलं, ए330, 228 माणसं. त्यात एक जण दांडा मागे ओढून होता आणि शेजारच्याच्या हाताला त्याचा पत्ता लागण्याची सोय नव्हती. अपघाताची कारणं अनेक होती, फक्त एवढंच नाही. बोईंग 777 सुद्धा संगणकावरच चालतं, पण तिथे हाताला भार जाणवावा म्हणून मुद्दाम यंत्रं बसवली आहेत आणि दोन्ही दांडे एकत्र हलतात. दोन्ही पद्धतींचे वकील आहेत. माझं मत अब्बांच्या बाजूने पडतं.

भाचा परत गेलाय. दर दोन-तीन दिवसांनी फोन करतो, तास मोजून सांगतो. आपा आता विचारते, तो दांडा पुण्याला त्याच्या खोलीवर नेता येईल का? नेता येईल, पण एक काम बाकी आहे. मोटर फिरण्यासाठी बनलेली असते आणि आपण तिला एका जागी रेटून धरायला लावतो, त्यामुळे अर्ध्या तासात ती हात लावू देत नाही इतकी तापते. छोटा पंखा आणलाय. जुम्म्याच्या नमाजनंतर बसवायचा आहे, आणि हाताशी येईल असं वीज तोडायचं एक मोठं लाल बटणही.