पॅन पेडलला, पूनम सागरहून

पूनम सागर, मिरा रोड (पूर्व)

प्रिय पॅन पेडल,

काल रात्री तुझं तळाचं झाकण लावलं. चारही स्क्रू पूर्ण आवळले. गेले कित्येक महिने मी दोनच लावत होतो, कारण तुला पुन्हा उघडावं लागणार हे माहीत असायचं. आता निवांत लिहितो.

तू वाटणीसाठी घडवलेलं यंत्र. गिटारचा एक आवाज आत घ्यायचा आणि टाच दाबली की डाव्या अँपला, पंजा दाबला की उजव्या अँपला द्यायचा, हे तुझं काम. त्यासाठी तुझ्या पोटात एकाच दांड्यावर बसवलेले दोन पॉट, म्हणजे फिरते रेझिस्टर, आहेत. दातेरी पट्टीने दांडा फिरतो, एका बाजूचा आवाज उतरतो आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूचा चढतो. मोठ्या रंगमंचावर दोन अँप दूर ठेवून वाजवणाऱ्याला ही चैन आहे. मी भावगीतांच्या कार्यक्रमात वाजवतो. तिथे गिटारला मिक्सरवर एक चॅनल मिळतो, आणि सभागृहाच्या दोन्ही बाजूंच्या स्पीकरांतून सारखंच ऐकू येतं. म्हणून जुन्या बाजारातून आणलेलं तू माझ्याकडे तीन वर्षं माळ्यावर पडून होतंस.

गरज निघाली ती उलट दिशेची. माझ्या गिटारला दोन पिकअप आहेत. घोडीखाली पिएझोची पट्टी आणि गोल भोकात बसवलेला चुंबकी पिकअप. पिएझो घोडीवरचा दाब आणि थरथर ऐकतो. त्यात बोटाचा आघात येतो, नखाचा स्पर्श येतो, लाकडाचा टणत्कार येतो. चुंबकी पिकअप फक्त पोलादी तारेची हालचाल ओळखतो, म्हणून त्याचा स्वर गोल, लांब आणि उबदार. गायिका मुखडा हळू आवाजात घेते तेव्हा मला पहिला हवा असतो. कडव्याच्या शेवटी व्हायोलिन उठतात तेव्हा दुसरा. बहुतेक वेळ दोन्ही हवे असतात, आणि प्रमाण ओळीओळीला बदलतं. चॅनल मात्र एकच.

मला वाटलं, तुला नुसतं उलटं जोडलं की झालं. दोन्ही पिकअप तुझ्या आउटपुटच्या भोकांत, आणि मिक्सरची केबल तुझ्या इनपुटमध्ये. आवाज आला, टाच-पंजानुसार बदललाही. पण दोन्ही आवाज आजारी होते. चुंबकी पिकअप घोंगडीखालून बोलल्यासारखा, आणि पिएझो पत्र्यासारखा पातळ. एकाच कारणाने दोघांना उलटसुलट दुखणी व्हावीत, याचं मला फार नवल वाटलं होतं.

कारण तुझ्या पॉटमध्ये होतं. तो २५ किलोओहमचा, कीबोर्डसारख्या दणकट सिग्नलसाठी ठीक, पण पिकअपसाठी फार कमी, म्हणजे जड ओझं. चुंबकी पिकअप म्हणजे केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. त्याच्यावर असं ओझं टाकलं की आधी वरचे, चकाकते सूर मरतात. पिएझो कपॅसिटरसारखा वागतो. त्याच्यावर ओझं पडलं की आधी खर्ज जातो. त्याची क्षमता ५०० पिकोफॅरड धरली, तर समोर १० मेगाओहम असताना तो सुमारे ३२ हर्ट्झपर्यंत खाली उतरू शकतो. समोर १ मेगाओहमच असेल तर ३२० हर्ट्झच्या आसपासच उतार सुरू होतो, आणि गिटारची सगळ्यात जाड तार तर ८२ हर्ट्झवर बोलते. २५ किलोओहमला हीच सीमा साडेबारा हजारांच्या पुढे जाते. मला जे पातळ ऐकू येत होतं ते गिटारचं उरलंसुरलं टरफल होतं.

मग लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर कुणालाही विचारताना तोंडात जुनंच येतं. दहा मेगाओहमचा रेझिस्टर मागितल्यावर काउंटरवरच्या काकांनी वर बघून विचारलं, “पिएझो आहे का?” त्या एका प्रश्नाने माझी दुपार उजळली. मुंबईत आजही अशी माणसं एका काउंटरपलीकडे बसलेली आहेत, आणि त्यांच्यामुळे माझ्यासारख्याला घरी बसून तुझ्यासारख्याची दुरुस्ती करता येते.

त्यांनी टीएल०७२ दिली. आठ पायांची आयसी, एकाच अंगात दोन अँप्लिफायर. एक चुंबकी पिकअपसाठी, एक पिएझोसाठी. या अँप्लिफायरांनी आवाज वाढवायचा नाही. पिकअपवर ओझं पडू न देता त्याचा निरोप पुढे न्यायचा, एवढंच. चुंबकी बाजूला १ मेगाओहम, पिएझोला १०. नऊ व्होल्टची बॅटरी, आणि दोन सारख्या रेझिस्टरनी तिचा मध्य काढून साडेचार व्होल्टचा आधार. आता सिग्नल तुझ्या पॉटपाशी पोचतो तो ताकद घेऊन, त्यामुळे २५ किलोओहम ही अडचण राहिली नाही. पॉटमधून निघालेल्या दोन वाटा थेट एकत्र आणल्या तर टाच पूर्ण दाबताच एका बाजूची जमीन (ग्राउंड) दुसरीलाही गिळते आणि सगळंच मुकं होतं. म्हणून प्रत्येक वाटेवर १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर. तो डाग देताना माझा हात थरथरत होता, कारण जागा अर्ध्या बोटाचीही नव्हती.

तरीही तू मध्यावर रुसायचंस. टाचेला आवाज भरदार, पंजाला भरदार, आणि मधोमध खर्ज गायब. दोन पिकअप एकमेकांविरुद्ध चालत होते. एक जण ‘तार वर गेली’ म्हणत होता तेव्हा दुसरा ‘खाली गेली’ म्हणत होता. चुंबकी पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि खर्ज परत आला. पूर्ण जुळणी होत नाही, कारण दोघं तारेला वेगवेगळ्या जागी ऐकतात. ती उरलेली तफावत मी काढायला गेलो नाही. तुझ्या मध्यावर जो मांसल आवाज मिळतो तो तिच्यातूनच येतो, असं मला कान देऊन ऐकल्यावर पक्कं वाटतं.

दोन पिकअप मिसळणारी रेडिमेड डबी का घेतली नाही, असं मला आमच्या वादकांनी विचारलं. डबीवर गोल बटण असतं आणि बटणाला हात लागतो. १९५० साली फेंडरने ब्रॉडकास्टर गिटार आणली, तिच्या दुसऱ्या बटणाने घोडीजवळच्या पिकअपमध्ये मानेजवळचा पिकअप मिसळता यायचा. दोनेक वर्षांत ती रचना बदलली. वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे असं बटण गाणं सुरू होण्याआधी एकदा फिरवलं जातं आणि मग तसंच राहतं. मला हेच मान्य नाही. मिसळणं हेही वाजवणंच आहे, ते स्वराबरोबर व्हायला हवं.

आणि पायाने वाजवणं आपल्याकडे नवं कुठे आहे? संगीत नाटकाच्या ऑर्गनकडे बघ. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला तिरखवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती, तसा हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गनही होता. ऑर्गनवाल्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर, दोन्ही पाय भात्यावर. बऱ्याच ऑर्गनांना खाली गुडघ्याची पट्टीही असते. गुडघा बाहेर रेटला की आवाज खुलतो. नटाने श्वास घेतला तिथे गुडघा सैल, तान सुटली तिथे गुडघा बाहेर. प्रेक्षकांना ते दिसायचंही नाही. तुझ्याकडे बघताना मला त्या गुडघ्याची आठवण येते, कोणत्याही परदेशी स्टेजची नाही.

गणपतीत इथल्या मांडवात तुला पहिल्यांदा लोकांसमोर आणलं. एक मुखडा टाचेवर वाजवला, नुसतं लाकूड आणि बोट. कडव्याला पाय हळूहळू पुढे गेला आणि आवाज गोल होत गेला. शेजारी पेटीवर बसलेल्या आजोबांनी मान वळवून माझ्या पायाकडे पाहिलं, आणि पुढच्या ओळीला भाता जरा सैल सोडला. आम्ही ठरवलं काहीच नव्हतं.

तुझ्या आउटपुटवरची डावं-उजवं दाखवणारी अक्षरं मी खोडलेली नाहीत. वर चिकटपट्टी लावून ‘लाकूड’ आणि ‘तार’ असं लिहिलंय. झाकणाच्या आतल्या बाजूला सगळ्या जोडणीचा कागद चिकटवलाय. रेझिस्टरांच्या किमती, आयसीच्या आठ पायांचे क्रमांक, अदलाबदल केलेल्या दोन तारांचे रंग. सगळ्यात वर, उघडणाऱ्यासाठी: पिएझोच्या बाजूचा रेझिस्टर १० मेगाओहम आहे, चुकून १ मेगाओहम लावू नये.

तुझा,
पूनम सागरमधला गिटारवाला