ॲट्रियम, अलिंद आणि ओटा



आमच्या घरात सध्या 'ॲट्रियम' हा शब्द फार चालतोय. ह्यांच्या टू-डी एकोच्या रिपोर्टात आहे, लेफ्ट ॲट्रियम किंचित मोठे झाल्याचे. आमची इमारत पुनर्विकासाला चाललीय, तिच्या गुळगुळीत माहितीपत्रकात 'ग्रँड ॲट्रियम' आहे. आणि नातीला शाळेत खोताच्या वाडीवर इंग्रजी निबंध होता, त्यात तिने इथल्या घरांना सुंदर 'ॲट्रिया' आहेत असे लिहिले.

जेवताना वाद झाला तो अनेकवचनावरून. मुलगा म्हणे ॲट्रियम्स, नात म्हणे ॲट्रिया, कारण शब्द लॅटिन. तसे दोन्ही चालते. लॅटिन शब्द इंग्रजीत येऊन स्थिरावला की त्याला इंग्रजी 's' लागतो. स्टेडियम्स म्हणताना कुणी अडखळत नाही, आणि 'डेटा' मुळात अनेकवचन आहे हे आता कुणाला आठवतही नाही. डॉक्टर मात्र हृदयाच्या बाबतीत ॲट्रियाच म्हणतात. वरळीच्या मॉलचे नावही ॲट्रिया, म्हणजे इमारत एक आणि नाव अनेकवचनी!

माझी हरकत वेगळी होती. शब्द लावलाय कशाला? ॲट्रियम म्हणजे जुन्या रोमन घरातला मधला दिवाणखाना. त्याच्या छपराला मधोमध उघडा चौकोन असे आणि खाली हौद. पावसाचे पाणी त्या हौदात साठे. (न गाळता, हे माझ्या मनात आलेच.) आपल्याकडच्या वाड्यातला चौक आठवा, साधारण तसेच. भोवती खोल्या आणि मध्ये आकाश.

खोताच्या वाडीतल्या जुन्या घरांचे उलट आहे. दादोबा वामन खोतांच्या नावाची ही वाडी, तिथली ईस्ट इंडियन मंडळींची लाकडी घरे गल्लीकडे तोंड करून बसलेली. पुढे ओटा किंवा व्हरांडा, बाहेरून वर जाणारा जिना, कौलारू छप्पर. येणारा-जाणारा दिसतो, दोन शब्द होतात. आकाश घराच्या मध्ये नाही, माणसे घराच्या पुढे आहेत. नातीला म्हटले, "व्हरांडाच लिही. तो शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातूनच नेला, मागे पोर्तुगीजही आहेत. वाडीला तोच शोभतो."

मग तिने विचारले, "आजी, आजोबांच्या हृदयात कुठला चौक?" तिचे मराठीचे विज्ञानाचे पुस्तक नाही, म्हणून शेजारच्या मुलाचे आणून दाखवले. ॲट्रियमला मराठीत अलिंद म्हणतात आणि खालच्या कप्प्याला निलय. संस्कृतात अलिंद म्हणजे घराच्या दारापुढची ओसरी आणि निलय म्हणजे घर. रक्त आधी ओसरीवर येते, मग घरात जाते. मला हे इतके आवडले की ह्यांना रिपोर्टासकट समजावून सांगितले. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटल्यावर जितके ऐकले नव्हते तितके ह्यांनी हे ऐकले. "म्हणजे माझी ओसरी मोठी झालीय," म्हणाले. गोळी वेळेवर घेतात आता.

मंदिरातही आपण दारातच 'निःसही' तीनदा म्हणून थांबतो, एकदम गाभाऱ्यात घुसत नाही. ओसरी त्यासाठीच असते, बाहेरचे बाहेर ठेवायला.

राहिले माहितीपत्रक. मी कॉमर्सची, आकडे पाहिल्याशिवाय राहवत नाही. 2016 च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या आहे. घराच्या आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, व्हरांडा, उघडी गच्ची धरत नाहीत. 'ग्रँड ॲट्रियम' तर कुणाच्याच घरात नाही, ती सगळ्यांची सामाईक जागा. तिचे दिवे, एसी, झाडलोट दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये येणार. आज आमच्या मजल्यावर जी गॅलरी आहे, जिथे पापड वाळतात आणि संध्याकाळी आम्ही बायका बसतो, तिची नव्या नकाशात जागा कुठे, हे मी सभेत विचारले. पुरुष मंडळी जरा गप्प झाली. एक भाऊ म्हणाले, "वहिनी, ॲट्रियममध्ये बसा ना." म्हटले, "तिथे पापड घालू देतील का?"

आम्ही नऊ जणींनी सह्या करून पत्र दिले आहे: ॲट्रियमचे क्षेत्रफळ किती, मासिक खर्च किती, आणि मजल्यावर बसायला जागा किती. उत्तर आले की इथे कळवीन. तुमच्यापैकी कुणाची इमारत नवी झाली असेल तर मेंटेनन्सचा आकडा मला जरूर सांगा.