खराब हवेत लहान विमान उतरवताना

एका इंजिनाचे, चार आसनांचे सेस्ना 172 धावपट्टीकडे येते तेव्हा त्याचा वेग साधारण 65 नॉट, म्हणजे ताशी 120 किलोमीटर असतो. प्रवासी जेट 140 नॉटच्या आसपास उतरते. शांत हवेत हा कमी वेग वैमानिकाच्या फायद्याचा, पण वारा सुटला की तोच वैरी होतो. 20 नॉटचा झोत जेटच्या वेगाचा सातवा हिस्सा असतो, सेस्नाच्या वेगाचा जवळजवळ तिसरा. समोरून येणारा असा झोत अचानक थांबला की पंखांची उचल घटते आणि विमान खाली बसते. जमीन शंभर फुटांवर असेल तर सावरायला उंची उरत नाही.

यावर उपाय म्हणून वैमानिक झोताच्या वाढीव वेगाचा निम्मा भाग आपल्या वेगात मिळवतात. मात्र वाढवलेल्या वेगामुळे विमान धावपट्टीवर तरंगत राहते आणि पुढे जाऊन टेकते. धावपट्टी ओली असेल तर चाके पाण्याच्या थरावर चढतात. ज्या वेगाच्या वर असे होते तो काढण्याचे सूत्र सोपे आहे: टायरमधल्या दाबाचे (पौंड प्रति चौरस इंच) वर्गमूळ गुणिले 9. दाब 36 असेल तर 54 नॉट. म्हणजे सेस्ना टेकते त्या क्षणी ब्रेक जवळपास निकामी असतात, आणि त्यात वारा आडवा असेल तर विमान बाजूला सरकते. अशा अपघातांत बहुधा पुढचे चाक मोडते, पंखा जमिनीला घासतो, माणसे चालत बाहेर येतात. मोठ्या बिझनेस जेटलाही पाऊस सोडत नाही. 14 सप्टेंबर 2023 रोजी मुंबईत विशाखापट्टणमहून आलेले लिअरजेट 45 मुसळधार पावसात, 700 मीटर दृश्यमानतेत धावपट्टी 27 वर उतरताना कोसळले. आतले आठही जण वाचले.

जीव जातात ते मुख्यतः न दिसण्यामुळे. ढगात किंवा धुक्यात क्षितिज हरवले की तोल कळतो तो फक्त कानाच्या आतल्या द्रवाने, आणि तो फसवतो. विमान हळूहळू कलले तर ते सरळच आहे असे वाटत राहते. 1954 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या 20 जणांना बाहेरचे काही दिसू न देता उडवून पाहिले. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. तीन मिनिटेही नाहीत. ढगाखालून कसेबसे धावपट्टी गाठू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा पाठ असायला हवा.

पण अनुभवी माणूसही यात सापडतो. ग्रॅहम हिल हा 1962 आणि 1968 चा फॉर्म्युला वन विश्वविजेता. 29 नोव्हेंबर 1975 च्या रात्री दक्षिण फ्रान्समधल्या चाचण्या आटोपून तो आपल्या संघातील पाच जणांना घेऊन पायपर अझ्टेक विमानाने लंडनजवळच्या एल्स्ट्रीला येत होता. एल्स्ट्री हा त्याचा नेहमीचा, घराजवळचा विमानतळ. तिथे आयएलएस, म्हणजे न दिसणाऱ्या धावपट्टीकडे रेडिओ संकेतांवर नेणारी यंत्रणा, नव्हते, आणि धुके दाट होते. विमान धावपट्टीपासून काही किलोमीटर अलीकडे, आर्कलीच्या गोल्फ मैदानावर झाडांना धडकले. सहाही जण ठार झाले. उपकरणांवर उडण्याचा त्याचा परवाना मुदतबाह्य झाला होता, हे नंतर उघड झाले. त्या रात्री निर्णायक ठरले असेल ते घर जवळ असणे, असे वाटते. हजार किलोमीटर नीट आलेल्या वैमानिकाला शेवटचे दहा किलोमीटर सोडून वळणे फार जड जाते.

आयएलएस असले तरी त्याला तळ असतो. प्राथमिक श्रेणीत 200 फुटांवर दिवे किंवा धावपट्टी दिसलीच पाहिजे, नाहीतर वर जायचे. या वर जाण्यातही धोका आहे. सेस्नात थ्रॉटल पूर्ण उघडला की, उतरण्यासाठी लावलेल्या ट्रिममुळे नाक झपाट्याने वर उसळते. ते हाताने जोर लावून खाली दाबले नाही तर विमान स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल तुटते. इंजिनाच्या ओढीमुळे ते डावीकडेही वळते, म्हणून उजवा पाय हवा. फ्लॅप एकदम मिटायचे नाहीत: आधी 20 अंशांवर, वेग आला की पुढचे. हा सराव भर दुपारी, स्वच्छ हवेत वारंवार झालेला असेल तरच धुक्यात तो आपसूक कामी येतो.

त्यानंतर जायचे कुठे, हे निघण्याआधी ठरलेले असावे लागते. इथे एक चूक नेहमी होते: पर्यायी विमानतळ शेजारचाच निवडला जातो. हिवाळ्यातल्या पहाटेचे धुके सबंध मैदानावर एकाच वेळी पसरते, त्यामुळे दोन्ही धावपट्ट्या सोबतच बुडतात. पर्याय वेगळ्या भूभागातला, शक्यतो उंचावरचा किंवा वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाचा हवा. त्यासाठी टाकीत इंधनही हवे. अमेरिकी नियमांत नजरेवर उडणाऱ्या विमानाला गंतव्य गाठल्यावर दिवसा 30 आणि रात्री 45 मिनिटांचे इंधन शिल्लक ठेवावे लागते. खराब हवेत एकदा वर जाऊन दुसरा विमानतळ गाठायचा तर तेवढे अपुरे पडते, तेव्हा तासाभराचे तरी राखलेले बरे.