डोमेन नावांचा व्यापार आणि व्यापारचिन्हाचा हक्क : ठाणे-डोंबिवलीतील एक अनुभव

इंटरनेटवरील डोमेन नावांचा व्यापार हा मालकीचा व्यापार आहे, असे त्यात नव्याने उतरणाऱ्याला वाटते; वस्तुतः तो मुदतीच्या वापरहक्काचा व्यापार आहे, आणि ठाणे, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यातील स्थानिक नावांची खरेदी-विक्री करताना प्रस्तुत लेखकाने जे तंटे जवळून पाहिले, त्यांतील बहुतेकांचे मूळ याच समजुतीत होते. डोमेन नाव म्हणजे संकेतस्थळाचा अक्षरी पत्ता. तो रजिस्ट्रार या नोंदणी करून देणाऱ्या कंपनीकडून एका वेळी फार तर १० वर्षांसाठी घेता येतो आणि मुदतीत नूतनीकरण न झाल्यास हातचा जातो. जुन्या ठाण्यातील पागडीच्या खोलीशी त्याचे पुष्कळ जुळते, कारण तेथेही भाडे किरकोळ असते, खोली स्वतःची नसते आणि तरीही ताबा दुसऱ्याला देताना मोठ्या रकमेची बोली होते. मात्र पागडीच्या भाडेकरूमागे भाडेनियंत्रणाचा कायदा उभा असतो. डोमेनधारकाने नूतनीकरणाचे एक ई-पत्र वाचायचे राहिले, तरी त्याचा ताबा सुटू शकतो.

या वापरहक्कावर दुसरा एक हक्क चालून येतो, तो ट्रेडमार्कचा, म्हणजे एखाद्या व्यापाऱ्याचा माल किंवा सेवा इतरांपासून वेगळी ओळखू यावी यासाठी वापरलेल्या नावाचा वा चिन्हाचा. ट्रेड मार्क्स अधिनियम, १९९९ मध्ये डोमेन नावांविषयी स्वतंत्र तरतूद नाही; तथापि मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच रेडिफ डॉट कॉमच्या दाव्यात, केवळ एका अक्षराचा फरक करून घेतलेल्या रॅडिफ डॉट कॉम या नावाला मनाई करताना, डोमेन नाव हे नुसत्या पत्त्याहून अधिक काही असते असे मानले, आणि २००४ मध्ये सिफी या नावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्धचे जुने तत्त्व डोमेन नावांनाही लागू पडते, यावर शिक्कामोर्तब केले. या तत्त्वाचा छोट्या दुकानदाराच्या दृष्टीने अर्थ असा की चिन्हाची नोंदणी झालेली नसली तरी, दीर्घ वापराने कमावलेला नावलौकिक दाखवता आला तर, त्याला दाद मागता येते. ही गोष्ट डोंबिवलीच्या बाजारपेठेत फारच थोड्यांना ठाऊक आहे. दुकानात फ्रेम करून लावलेले गुमास्ता लायसन्स हेच आपल्या नावाचे संरक्षण, अशी तेथील सर्वसाधारण समजूत आहे.

स्थानिक नावांच्या व्यापाराचा पाया गावाचे नाव अधिक एखादा सर्वसामान्य शब्द हा असतो, उदाहरणार्थ गावाच्या नावाला जोडलेले टिफिन, पॅथॉलॉजी, क्लासेस किंवा पॅकर्स-मूव्हर्स. गावाचे नाव सामान्यतः कोणा एकाचे व्यापारचिन्ह होऊ शकत नाही, कारण निव्वळ भौगोलिक उगम दाखवणाऱ्या चिन्हाला अधिनियमाचे ९वे कलम नोंदणी नाकारते. त्यामुळे असा साठा बाळगणे कायदेशीर तर आहेच, शिवाय त्यात कोणाचे काही हिसकावलेलेही नसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. डोंबिवलीच्या बाबतीत अडचण वेगळीच येते, ती रोमन लिपीतील वर्णांतरांची : स्थानकाच्या फलकावर एक, जुन्या लेटरहेडवर दुसरे आणि रिक्षाच्या मागे तिसरे स्पेलिंग असते, आणि ज्याने एकच घेतले त्याचे गिऱ्हाईक शेजारच्या स्पेलिंगवर बसलेल्याकडे वळते. नौकरी डॉट कॉमच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ वाढवून घेतलेल्या नावाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये मनाई केली होती. पण तेथे तक्रारदाराचे नाव वापराने प्रस्थापित झालेले होते, नुसत्या गावाच्या नावावर बसलेल्याला तो आधार सहजी मिळत नाही.

कल्याणची गोष्ट अधिक नाजूक आहे. थ्रिसूर येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या कल्याण ज्वेलर्स या पेढीच्या नावाचा कल्याण शहराशी काही संबंध नाही, ते संस्थापक टी. एस. कल्याणरामन यांच्या नावाशी जोडलेले आहे. परंतु सोन्याचांदीच्या व्यापारात ते इतके रुजले आहे की कल्याण शहरातील सराफालासुद्धा गावाच्या नावाला दागिन्यांचा शब्द जोडून डोमेन घेताना जपावे लागते. प्रामाणिक व्यापारी प्रथेनुसार केवळ उगम दाखवण्यासाठी केलेला वापर अधिनियमाच्या ३०व्या कलमाने वाचतो हे खरे, पण तो प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचा खर्च सराफाच्या माथी येतो, म्हणून अशी नावे फुकट मिळाली तरी घेऊ नयेत असाच सल्ला प्रस्तुत लेखक देत आला आहे.

घोडबंदर रस्त्यावर नव्या गृहसंकुलाची होर्डिंगे लागली की त्याच आठवड्यात संकुलाचे नाव आणि पुढे ठाणे असे जोडून डोमेने घेतली जातात, आणि त्यांचे दोन उद्देश असतात : एक, बिल्डरला ते नाव चढ्या भावाने विकणे, दुसरा, बिल्डरच्याच संकेतस्थळासारखे दिसणारे पान उभारून चौकशी करणाऱ्यांचे फोन नंबर गोळा करणे व ते दलालांना विकणे. पहिल्या उद्देशाला सायबरस्क्वॉटिंग म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या नावलौकिकावर आधीच ठाण मांडून मोबदला मागणे. “घेऊन ठेव, बिल्डर झक मारत पैसे देईल,” हे या धंद्यातले नित्याचे बोलणे आहे आणि एखाददुसऱ्या वेळी ते खरेही ठरते; पण गावाच्या नावाचा साठा आणि परक्याच्या नावाचा साठा यांत भेद न करणारा विक्रेता सगळ्या व्यापाराकडेच संशयाने पाहायला लावतो.

हा भेद तक्रारीत कसा तपासला जातो, हे विक्रेत्याने जाणून घेतले पाहिजे. डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅन या आंतरराष्ट्रीय व्यवस्थापक संस्थेने १९९९ मध्ये एकसमान तंटानिवारण धोरण स्वीकारले. त्यानुसार तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : नाव आपल्या चिन्हाशी फसगत होण्याइतके मिळतेजुळते आहे, धारकाचा त्यावर वाजवी हक्क नाही, आणि ते बदहेतूने नोंदवले गेले व वापरलेही जात आहे. निक्सी ही संस्था चालवत असलेल्या डॉट इन नावांच्या धोरणात मात्र नोंदणी किंवा वापर यांपैकी एकातला बदहेतू पुरतो. एका ‘किंवा’ने धारकाची बाजू बरीच पातळ होते. खर्चाहून जास्त किमतीला चिन्हधारकाला विकण्यासाठीच नाव घेतले असल्यास तो बदहेतूचा पुरावा मानला जातो, आणि म्हणूनच पहिले पत्र कोणी धाडले याला या व्यवहारात फार महत्त्व असते. प्रस्तुत लेखकाकडे एका सामान्य शब्दाच्या नावासाठी, आपण महाविद्यालयीन विद्यार्थी असून प्रकल्पासाठी ते हवे आहे, असे सांगणारे ई-पत्र आले. उत्तरात कळवलेली किंमत काही आठवड्यांनी एका वकिलाच्या नोटिशीत ठळक अक्षरांत अवतरली. त्या उत्तरातच, हे नाव शब्दकोशातील अर्थासाठी घेतले असून कोणत्याही विशिष्ट व्यवसायाला उद्देशून घेतलेले नाही, असे वाक्य नेहमीच्या शिरस्त्याने लिहिलेले असल्यामुळे प्रकरण नोटिशीपुढे गेले नाही.

स्वतःचेच नाव गमावलेल्या माणसाची बाजू याहून अवघड असते. डोंबिवली पूर्वेतील एका केटररचे संकेतस्थळ त्याच्या भाच्याने करून दिले होते व नोंदणी भाच्याच्या ई-मेलवर होती. भाचा परदेशी गेला, तो ई-मेल बंद पडला आणि नूतनीकरणाच्या सूचना कोणीच वाचल्या नाहीत. मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत, मग दंड भरून नाव सोडवण्यासाठी ३० दिवस आणि शेवटी ५ दिवसांचा निर्वाणीचा काळ, असे टप्पे ओलांडून नाव खुले झाले आणि अशा गळालेल्या नावांवर टपून असलेल्या एका परप्रांतीय खरेदीदाराने ते उचलून त्यावर झटपट कर्जाच्या जाहिराती लावल्या. केटररच्या घरी माळ्यावर जुन्या बिलबुकांचा गठ्ठा निघाला : मुंजीच्या पंगतीचे बिल, त्यात जिलबी, मठ्ठा आणि अळूचे फदफदे वेगवेगळ्या ओळींत, माथ्यावर छापलेले व्यवसायाचे नाव आणि खाली ०२५१ या संकेतांकापुढे अवघा सहा आकडी दूरध्वनी क्रमांक, ज्यावरून ते बिल किती जुने आहे हे तारीख पुसट असूनही कळत होते. त्याच गठ्ठ्यात एका स्मरणिकेतील पाव पानाची जाहिरातही होती. लौकिकाचा याहून चांगला पुरावा क्वचितच हाती लागतो.

असे असूनही तक्रार झाली नाही. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका नावाची तक्रार एकसदस्य मंडळापुढे नेण्याचे शुल्कच १,५०० डॉलर आहे, वकिलाची फी वेगळी. आणि नाव उचलणाऱ्याने मागितलेली किंमत या बेरजेच्या थोडी खाली होती. हे गणित त्यालाही तोंडपाठ असते. अशा नावाची किंमत त्यातील अक्षरे ठरवत नाहीत, न्याय मिळवण्याचा खर्च ठरवतो, आणि या व्यापारातील सर्वांत किळसवाणी बाब हीच आहे, असे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. घासाघीस होऊन सौदा ठरला. पैसे एस्क्रो म्हणजे तिऱ्हाईताच्या ताब्यात ठेवले गेले, विक्रेत्याने हस्तांतराचा गुप्त संकेत दिला आणि नाव केटररच्या स्वतःच्या खात्यात आल्यावरच रक्कम मोकळी झाली.

त्यानंतर व्यापारचिन्हाचा अर्ज भोजनसेवेच्या ४३व्या वर्गात दाखल करण्यात आला. अँटॉप हिल येथील मुंबई नोंदणी कार्यालयाच्या कक्षेत ठाणे जिल्हा येतो, मात्र अर्ज ऑनलाइन करता येतो आणि व्यक्तीला त्यासाठी एका वर्गामागे ४,५०० रुपये पडतात. पूर्वीपासूनचा वापर सांगायचा तर प्रतिज्ञापत्र व कागदपत्रे जोडावी लागतात, तेथे ती बिलबुके उपयोगी पडली. केटररने देवनागरी डॉट भारत नावाचीही चौकशी केली. २०१४ पासून उपलब्ध असलेल्या या नावांत स्पेलिंगचा घोळ उरत नाही, तरी गिऱ्हाइके मोबाइलवर पत्ता रोमन अक्षरांतच टाइप करतात, त्यामुळे प्रस्तुत लेखकाकडील अशा नावांना आजवर गिऱ्हाईक नाही. केटररने एक घेतले ते हौसेपोटी.

परीक्षकाने केटररच्याच आडनावाच्या दुसऱ्या एका चिन्हाकडे बोट दाखवून हरकत काढली, तिला ३० दिवसांच्या मुदतीत उत्तर गेले आणि चिन्ह जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले, जेथे कोणालाही ४ महिन्यांपर्यंत विरोध नोंदवता येतो. डोमेनचे नूतनीकरण मात्र एकदम १० वर्षांचे करून घेण्यात आले आहे आणि त्याच्या सूचना आता केटरर व त्याची मुलगी अशा दोघांच्या पत्त्यांवर येतात.