स्वभावाचा रकाना

जीन, इफ्रीत, गूल, रुख ही नावे आपल्या वाचकांना नवी नाहीत. अम्मी-नानीच्या तोंडून ती आपण ऐकली, अलिफ लैलाच्या बालआवृत्त्यांत वाचली. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना आजही ती आमच्या वर्गात ये-जा करीत असतात. पण हीच नावे अमेरिकेतल्या एका खेळाच्या पुस्तकात, इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेली आणि प्रत्येकापुढे आकडे मांडलेली अशी समोर आली, तेव्हा आम्ही चकित झालो. आपल्या गल्लीतला माणूस दूरच्या शहराच्या मतदार यादीत सापडावा, तसे झाले.

पुस्तक आणले आमच्या भाच्याने. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ मध्ये तो बाजारात आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. ‘दरवाजा फोडतो’ असे योद्धा म्हणाला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा पुरेसा आला तर दरवाजा फुटला, नाही तर खांदा दुखावला. हार-जीत नाही. गोष्ट महिनोन्‌महिने चालते. गोष्ट सांगणाऱ्याला इंग्रजीत ‘डंजन मास्टर’ म्हणतात. आम्हाला मात्र तो दास्तानगोच वाटला. अमीर हमजाच्या दास्तानीत अमर अय्यारच्या जंबीलमध्ये सारी दुनिया मावते. या खेळातही सगळे सामान गिळणारी एक जादूची पिशवी आहे, हे ऐकून तर ओळख अधिकच पटली.

फाशांचा आवाज ऐकून अम्मी आतून आल्या. “पैसा लगाते क्या रे?”

“नहीं नानी, इसमें पैसा नहीं, कहानी है.”

“तो मगरिब से पहले खतम करो,” म्हणून त्या परत गेल्या. आमच्या घरापुरता फतवा तेवढ्यावर निघाला.

भाच्याने आणलेले पुस्तक म्हणजे या खेळातल्या अक्राळविक्राळ प्राण्यांची सूची, ‘मॉन्स्टर मॅन्युअल’. पहिली १९७७ मध्ये निघाली. तिच्यात साडेतीनशेहून अधिक प्राणी होते. प्रत्येकाचा एक तक्ता. तो किती वेळा भेटतो, एका वेळी किती संख्येने भेटतो, कवच किती जाड, चाल किती, घरी सापडण्याची शक्यता शेकडा किती, खजिना कोणत्या प्रकारचा, हल्ले किती, बुद्धी किती. शासनाला माहिती पाठवण्यात ज्यांचा जन्म चालला आहे त्या आम्हा शिक्षकांना हे तक्ते पाहून घरच्यासारखे वाटले.

यातले काही प्राणी कसे जन्मले ते मोठे गमतीचे आहे. हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांची एक पिशवी अमेरिकेतल्या दुकानांत मिळे. नाव प्रागैतिहासिक प्राण्यांचे, पण आतली खेळणी कोणत्याच प्राण्यासारखी नव्हती. गायगॅक्सने ती टेबलावर मांडली आणि त्यांना नावे व गुण दिले. त्यातून घुबडाचे तोंड लावलेले अस्वल आले. लोखंड खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ आला. त्याच्या मिशा लागल्या की तलवारीचा गंज होतो. म्हणजे याच्यापुढे चिलखत घातलेला सरदार पळतो आणि लाकडी काठीवाला गरीब उभा राहतो! ही कल्पना आम्हाला फार आवडली.

मग आम्ही आपल्या माणसांकडे वळलो. गूल ऊर्फ ‘घूल’ इथे कबरी उकरून मुडदे खातो, आणि त्याचा स्पर्श झाला की माणूस लुळा पडतो. पण अरबांचा जुना गूल वाळवंटातला बहुरूपी होता. वाटसरूला रूप बदलून भुलवी, वाट चुकवी. पाय मात्र गाढवाचेच राहत, त्यावरून ओळखायचे. उर्दूत आपण त्याला ‘गूल-ए-बयाबानी’ म्हणतो ते याचसाठी. मग तो कबरस्तानात कसा शिरला? आंत्वान गालाँ या फ्रेंच विद्वानाने १७०४ ते १७१७ या काळात अलिफ लैला फ्रेंचमध्ये आणली, तेव्हा एका कथेत त्याने गूलला मुडदे खायला लावले. पुढे युरोपात तोच रूढ झाला आणि तिथून या खेळात आला. आपल्या वाळवंटातला भुलव्या पॅरिसहून मुडदेखाऊ होऊन परतला म्हणायचे.

राक्षसाचीही तीच गत. हो, आपला राक्षसही या सूचीत आहे. वाघाचे डोके, अंगात उंची झगा, हातात पाईप! ओळखीच्या माणसाचे रूप घेऊन तो फसवतो आणि मंतरलेल्या बाणाने मरतो. १९७४ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीच्या एका भयमालिकेत अगदी अशाच राक्षसाची कथा दाखवली गेली होती. रामायणापेक्षा त्याचे नाते या मालिकेशी जवळचे दिसते.

जिनांचे तर खेळाने चार महाभूतांत वाटप केले. जीन हवेचा, इफ्रीत आगीचा, मारिद पाण्याचा, आणि दाओ म्हणून एक मातीचा. वास्तविक कुरआनप्रमाणे जीन जात आगीपासून निर्माण झालेली आहे. इफ्रीत आणि मारिद ही तिच्यातल्या बलदंड, बंडखोरांची नावे. पण खेळाला चार कोपरे भरायचे होते, ते त्याने भरले. गोष्टी अशाच प्रवास करतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

आम्ही थांबलो ते एका वेगळ्याच ठिकाणी. प्रत्येक तक्त्यात एक रकाना आहे, ‘अलाइनमेंट’. भाच्याने त्याचे मराठी ‘स्वभाव’ केले. नऊ ठरलेल्या खणांपैकी एक इथे लिहायचा: कायदा पाळणारा सज्जन, कायदा न मानणारा दुष्ट, आणि असेच मधले. २०१४ च्या आवृत्तीत जिनापुढे सज्जन लिहिले आहे, इफ्रीतपुढे दुष्ट. एखाद्या इफ्रीतपुढे नव्हे, इफ्रीत म्हणून जो जो जन्मेल त्या सर्वांपुढे!

आता सूरह नम्ल आठवा. बिल्किसचे तख्त कोण आणेल असे हजरत सुलैमान विचारतात, तेव्हा एक इफ्रीतच पुढे येतो आणि मी ताकदवान आहे, विश्वासूही आहे, असे सांगतो. सूरह जिन्नमध्ये तर जीन स्वतःच म्हणतात की आमच्यात नेक आहेत आणि तसे नसलेलेही आहेत. राक्षसांचेही पाहा. ज्या कुळात रावण, त्याच कुळात बिभीषण. दोन्ही परंपरांनी भयंकर जात उभी केली, पण तिचा स्वभाव एका शब्दात बंद केला नाही. निवड ज्याची त्याच्याकडे ठेवली.

या रकान्याची खरी परीक्षा ‘ऑर्क’ या जातीपाशी होते. टोल्किन या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांतून ती खेळात आली. पूर्ण जातच मुळातून दुष्ट असू शकते का, हा प्रश्न खुद्द टोल्किनलाही शेवटपर्यंत सुटला नव्हता. खेळाने तो एका शब्दात सोडवला. १९७७ मध्ये ऑर्क कायदा पाळणारे दुष्ट होते, २०१४ मध्ये कायदा न मानणारे दुष्ट झाले. कायदा बदलला, दुष्टपणा कायम राहिला. पण पहिल्या सूचीत आणखी एक नोंद होती. ऑर्कांच्या वस्तीवर गेलात तर तिथे बायका आणि पोरेही सापडतील! खेळणाऱ्यांच्या कित्येक टोळ्या इथे अडल्या. योद्धे मारले, खजिना घेतला. आता कोपऱ्यात बसलेल्या पोरांचे काय? तक्ता म्हणतो दुष्ट. पोराने तर अजून काही केलेलेच नाही. जगभर लोक या प्रश्नावर वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. आम्ही भाच्याला विचारले, “तुम्ही काय केलेत?” तो म्हणाला, “मामू, दोन तास वाद घातला. फासा कोणी टाकलाच नाही.”

१९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठे वादळ उठले होते. हा सैतानाचा खेळ आहे, मुले बिघडतील, असे धार्मिक पालकांनी म्हटले. १९८३ मध्ये विरोधासाठी संघटनाही निघाली. कंपनीने १९८९ च्या आवृत्तीतून ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दच काढून टाकले. पुढे त्याच प्राण्यांना ‘तानारी’, ‘बाटेझू’ अशी बनावट नावे दिली. भीती वाटली ती शब्दांची. त्या रकान्यावर त्या पालकांचे बोट गेले नाही.

ते गेले फार पुढे, आणि बरेचसे खेळणाऱ्यांचेच गेले. २०१४ च्या सूचीतच एक बारीक सूचना होती की लिहिलेला स्वभाव नेहमीचा समजावा, हवा तर बदलावा. जून २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की ऑर्क आणि त्यांच्यासारख्यांना इतर लोकांइतकेच गुंतागुंतीचे दाखवू. २०२२ च्या डिसेंबरात ‘रेस’ हा शब्द सोडण्याचे ठरले. २०२४ च्या पुस्तकात ऑर्क खेळणाऱ्याने स्वतः घ्यायच्या पात्रांत आला, आणि २०२५ च्या राक्षससूचीत ऑर्क नावाची वेगळी नोंद उरली नाही. सूचीतून सुटून तो टेबलाशी येऊन बसला.

एका खेळावर एवढे का लिहायचे, असे वाचक विचारतील. लिहायचे कारण असे की हा रकाना आम्ही ओळखतो. बदलीनंतर एका शहरात भाड्याचे घर शोधताना फोनवर खोली रिकामी असे, नाव सांगितले की ती त्याच क्षणी दिलेली निघे. आमचा पगार, आमची पदवी, आमची तीन वर्षांची मुलगी, हे तक्त्यातले बाकीचे रकाने कोणी वाचलेच नाहीत. एक रकाना आधीच भरलेला होता. हा अनुभव आमच्या एकट्याचा नाही. हे पान वाचणाऱ्या बहुतेकांनी तो घेतलेला आहे. पण इथेच थांबलो तर ते अर्धेच सांगणे होईल. दुसऱ्या जमातीच्या मशिदीत जाणारा, दुसऱ्या बिरादरीतली सून, परराज्यातून यंत्रमागावर आलेला मजूर, मोहल्ल्याबाहेरचा शेजारी, यांच्या नावापुढे आपल्या घरांतही काही ना काही लिहिलेले असतेच. मुले ते न शिकवता शिकतात.

म्हणून गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला आम्ही निबंधाऐवजी कोरे तक्ते दिले. आपापला राक्षस तयार करा. नाव, राहण्याची जागा, खुराक, कशाला भितो, आणि मिजाज. एका मुलाने लूमचा राक्षस केला. तो रात्रभर खडखड करून माणसांची झोप खातो आणि लाइट गेली की घाबरतो. दुसऱ्याचा गटारात राहून क्रिकेटचे चेंडू गिळणारा. मिजाज बहुतेकांनी ‘खराब’, ‘बहुत खराब’ असा लिहिला. एका मुलीचा राक्षस निंबाच्या झाडावर राहत होता, वारा खात होता. मिजाजच्या रकान्यात तिने लिहिले होते, ‘अभी पूछा नहीं’. शेजारचा मुलगा म्हणाला, “सर, इसका अधूरा है.” त्यावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली. आधी विचारायचे की आधी पळायचे, यावर दोन तट पडले. आम्ही लाल शाईने तो रकाना भरला नाही.

खेळाच्या पुस्तकाला आपला रकाना सैल करायला चाळीसहून अधिक वर्षे लागली, आणि तेही खेळणाऱ्यांनी टेबलाशी बसून पुन्हा पुन्हा विचारले म्हणून. आपल्या हाती तर सूरह जिन्न आधीपासून आहे. ती मुलांना पाठ करून घेताना तिचा अर्थही सांगावा, आणि सांगताना आपल्या गल्लीतली चार नावे डोळ्यांसमोर आणावीत, एवढेच आमचे शिक्षकबांधवांना आणि पालकांना म्हणणे आहे.